आठ चेहरे, आठ झाडं-पक्षी: फोटो मिसळण्याच्या कामाच्या नोंदी

१० जानेवारी

इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातल्या महिला मंडळात आठ ज्येष्ठ बायका आहेत, साठीपासून पंच्याऐंशीपर्यंतच्या. पाडव्याला मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचे फोटो लावायचं ठरलं. नुसते चेहरे नकोत, असं मी सुचवलं. प्रत्येकीनं आपल्या आयुष्यातलं एक झाड, पाणी किंवा पक्षी सांगायचा आणि तो तिच्याच फोटोत मिसळायचा. आकार १२ बाय १८ इंच.

मागण्या अशा आल्या. माईंना वड. महेश्वरच्या काकूंना नर्मदा. मामींना बगळे. थोरल्या मावशींना पळस, नानींना कमळ. दोघींनी आंब्याचा मोहोर आणि कडुनिंब सांगितला. अक्कांनी बाभूळ मागितली. काट्याचं झाड कशाला, असं कुणीतरी म्हणालं, तर अक्का म्हणाल्या, "शेतावर सावली तिचीच होती. आंबे बागाइतदारांकडे."

साधनं: २४ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा, ५० मिमीची लेन्स आणि पक्ष्यांसाठी ७०-३०० मिमीची. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल, उघडायला डार्कटेबल, मिसळायला गिम्प ३. दोन्ही फुकट आहेत आणि या कामाला पुरतात. विकत घेतला तो छोटा पेन टॅब्लेट, ३,४०० रुपये. माउसनं केसांच्या कडा रंगवणं शक्य नाही, तिथे हा खर्च टाळू नका.

आकाराचा हिशेब आधीच करून ठेवला. १२ बाय १८ इंच, इंचाला ३०० पिक्सेल म्हणजे ३६०० बाय ५४००. कॅमेरा उभा धरला की ४००० बाय ६००० मिळतात. म्हणजे चेहऱ्याचा फोटो जवळजवळ न कापता वापरायचा, फ्रेम काढतानाच नीट धरायची.

११ जानेवारी

पहाटे सिरपूर तलाव. धुकं होतं आणि ते हवंच होतं. धुक्यात झाडांच्या मागचं आकाश सपाट, फिकट येतं आणि फांद्या शाईनं काढल्यासारख्या गडद येतात. त्याचा उपयोग पुढे कळला.

बगळ्यांनी मात्र सकाळ खाल्ली. मागे गडद पाणी, पुढे पांढरा पक्षी. कॅमेऱ्याचं मीटर त्या गडद पाण्याला मध्यम राखाडी करायला जातं आणि बगळा जळून निघतो. पिसांत काहीच उरत नाही, नुसता पांढरा डाग. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे एकवर नेलं, मग उणे एक पूर्णांक एक तृतीयांश. तेव्हा पिसं दिसायला लागली. पाणी अजून काळं झालं, ते चांगलंच.

सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही जलाशय २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, आले. शहराला लागून एवढे पक्षी मिळतात ही इंदूरची श्रीमंती आहे. मी बांधावरूनच फोटो काढले, पाणकणसात शिरले नाही. फोटोसाठी पक्षी उठवायचे नाहीत, हे माझ्यापुरतं पक्कं आहे. त्याची किंमत अशी की बगळे लांब राहिले आणि फ्रेममध्ये लहान आले.

१८ जानेवारी

मंडळाचं हळदीकुंकू. सगळ्या नेसून-सवरून येणार म्हणून आजच चेहरे काढले. हॉलचा व्हरांडा उत्तरेकडे उघडतो, तिथे ऊन थेट येत नाही. मागे पांढरी चादर ताणली, उजेड डाव्या बाजूनं, उजवीकडे थर्माकोलचं पान, म्हणजे त्या गालावर अगदी काळोख नको. एफ ४, आयएसओ ४००.

मामींच्या चष्म्यात व्हरांड्याचा अख्खा कठडा उमटत होता. चष्मा काढायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. चाळीस वर्षं तो त्यांच्या चेहऱ्याचा भाग आहे. मग चष्म्यासह एक, आणि मान अजिबात न हलवता चष्मा उतरवून लगेच दुसरा, असे दोन फोटो घेतले. दुसऱ्यातले डोळे पहिल्यातल्या काचेच्या आत मास्क लावून, म्हणजे नको तो भाग झाकून, बसवायचे. मामींच्या काचा पातळ आहेत म्हणून हे जमलं. जाड भिंगातून डोळा लहान किंवा मोठा दिसतो, तिथे असं केलं तर लगेच खोटं वाटेल.

२१ जानेवारी

पहिली मिसळण. दोन लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन चित्रं; वरच्याचा मोड, म्हणजे मिसळायची पद्धत, स्क्रीन. या मोडमध्ये चेहऱ्याच्या फोटोत जिथे काळोख आहे तिथे दुसरं चित्र उमटतं, जिथे पांढरं आहे तिथे काहीच उमटत नाही. मामी केस रंगवतात. काळे केस, मागे पांढरी चादर: बगळे थेट केसांत उतरले, चादर कोरी राहिली. पंधरा मिनिटांत चित्र उभं राहिलं.

मग माईंचा फोटो घेतला आणि सगळं कोसळलं. माईंचे केस पांढरेशुभ्र. पांढऱ्या केसांवर स्क्रीनमध्ये वड दिसेच ना, आणि केसांची कड चादरीत विरघळून गेली. कपाळाच्या वर डोकंच नाही, आणि पारंब्या फक्त भुवया आणि मानेखालच्या सावलीत. संध्याकाळभर लेव्हल्स, म्हणजे उजेड-काळोखाची टोकं, ओढून, केस गडद करून पाहिलं. केस गडद केले की त्या माई राहत नाहीत. राखाडी, मळकट केसांची कुणी वेगळीच बाई दिसते.

आज काय गवसलं तेही लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं काम यावर उभं आहे. कुठलं झाड कुठल्या चेहऱ्यात बसेल हे रंगावर ठरत नाही, उजेड-काळोखावर ठरतं. म्हणून आता सगळ्यात वर राखाडी रंगाचा एक लेअर ठेवते, मोड 'कलर'. तो चालू केला की अख्खं चित्र काळं-पांढरं दिसतं. काळ्या-पांढऱ्यात जमलं तरच रंगाकडे जायचं.

२४ जानेवारी

उद्या रथसप्तमी, हळदीकुंकवाचे शेवटचे दिवस, म्हणून माई, अक्का आणि काकू पुन्हा भेटल्या. या तिघींचे केस पांढरे. या वेळी मागे चादर लावली नाही, घरातली जुनी काळी घोंगडी लावली. लोकर उजेड गिळते, सुती काळ्या कापडासारखी चमकत नाही, सुरकुत्याही दिसत नाहीत. स्टुडिओचं काळं कापड भाड्यानं आणायचा विचार होता, गरज पडली नाही.

गडद पार्श्वभूमी असली की मोड उलटा: मल्टिप्लाय. यात काळं ते काळंच राहतं आणि उजळ भागावर दुसरं चित्र छापल्यासारखं उमटतं. निसर्गाचा फोटो मात्र फिकट आकाशावर गडद फांद्यांचा हवा. सिरपूरची धुक्यातली झाडं इथे कामाला आली. त्या फोटोतलं आकाश लेव्हल्सच्या पांढऱ्या टोकानं ओढून २५५ पर्यंत नेलं. पूर्ण पांढरं झालं की मल्टिप्लायमध्ये ते चेहऱ्याला हात लावत नाही, उतरतात त्या फक्त फांद्या. माईंच्या पांढऱ्या केसांतून पारंब्या खाली मानेपर्यंत आल्या. वडाची पारंबी आणि माईंची सुटलेली बट एकाच रेषेत बसवता आली. हे आधी ठरवलेलं नव्हतं, लेअर सरकवता सरकवता सापडलं.

दोन अडचणी निघाल्या. पहिली, आकाशात पट्टे. धुक्याचा फोटो मी घाईत जेपेगमध्ये काढून घेतला होता. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या, त्या ताणल्या की धुक्याच्या जागी जिना दिसतो. रॉ फाइलवर परत गेले, डार्कटेबलमधून १६ बिटची, म्हणजे कितीतरी जास्त पायऱ्यांची, टिफ फाइल काढली, गिम्पमध्येही प्रिसिजन १६ बिट ठेवली. पट्टे गेले. दुसरी, डोळ्यांवरून आणि ओठांवरून फांदी गेली की चेहरा जखमी दिसतो. लेअरला मास्क लावला आणि तिथे मऊ काळ्या ब्रशनं, अपारदर्शकता १५ टक्के ठेवून, हळूहळू पुसत गेले. डोळे आणि ओठ मोकळे. हा नियम आठही फोटोंना.

मल्टिप्लायनं चेहरा एकूण दबतो. त्यासाठी वर ५० टक्के राखाडी लेअर, मोड सॉफ्ट लाइट, आणि त्यावर पांढऱ्या-काळ्या ब्रशनं गालाचं हाड, नाकाचा कणा, हनुवटी परत उचलली.

२ फेब्रुवारी

आज अक्कांच्या फोटोवर बसले. अक्कांच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, हिरवट निळं, वयामुळे पसरून फिकं झालेलं.

मी नेहमीच्या क्रमानं गेले: आधी नॉइज, म्हणजे फोटोतले भलते ठिपके, कमी करणं, मग वेव्हलेट डिकम्पोझनं त्वचेचे थर वेगळे करून डाग सौम्य करणं. शेवटी मूळ फोटो शेजारी ठेवला तेव्हा लक्षात आलं की गोंदण जवळजवळ गेलं आहे. कारण साधं आहे. रंगाचा नॉइज काढणारं साधन त्वचेतला कुठलाही फिका, वेगळा रंग आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकतं. गोंदण म्हणजे त्याच्या लेखी नॉइजच. जे उरलं होतं ते वेव्हलेटच्या मऊ थरानं पुसलं. चार तास गेले होते.

कुतूहल म्हणून मोबाइलवरच्या एका आपोआप फोटो सुधारणाऱ्या ॲपमध्येही मूळ फोटो टाकून पाहिला. त्यात गोंदण गेलंच, शिवाय पडलेला दात भरून आला आणि डोळे मोठे झाले. ती बाई अक्का नव्हती. ते ॲप या कामात पुन्हा उघडणार नाही.

सगळं पुसून रॉपासून सुरुवात. आता ठरवून टाकलं: जे दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते पुसायचं, जसं की पुळी, घामाची चमक, पदरावरचा दोरा. जे आयुष्यभर राहिलं आहे त्याला हात नाही. सुरकुती, तीळ, गोंदण, भाजल्याचा व्रण, काही नाही. नॉइज कमी करायचं साधन फक्त घोंगडीवर आणि पदरावर, चेहरा मास्कनं वगळून.

गोंदणासाठी एक गोष्ट कळली, ती अशा आजींचे फोटो काढणाऱ्यांनी जरूर करून पाहावी. काळा-पांढरा थर लाल चॅनेलवरून, म्हणजे फोटोतल्या फक्त लाल रंगाच्या नोंदीवरून, बनवा. त्वचा लाल चॅनेलमध्ये उजळ येते आणि गोंदणाची हिरवी-निळी शाई लाल रंग शोषते, म्हणून ती गडद उठते. निळ्या चॅनेलमध्ये त्वचाच गडद होते, तिथे गोंदण हरवतं. लाल चॅनेलची प्रत ल्युमिनन्स मोडमध्ये ३० टक्के ठेवली. गोंदण जेवढं प्रत्यक्षात दिसतं तेवढं परत आलं, त्याहून जास्त नाही.

५ फेब्रुवारी

अक्कांची बाभूळ. काटे चेहऱ्यावर नकोत, पदरावर ठेवले तर नक्षीसारखे दिसतात, केसांत ठेवले तर गुंता वाटतो. दोन संध्याकाळी अशाच गेल्या. मग अक्कांचंच वाक्य परत वाचलं: सावली तिचीच होती. झाड दाखवायचंच कशाला? बाभळीच्या फांदीचा लेअर मल्टिप्लायमध्ये ठेवून त्याला गॉशियन ब्लर देऊन धूसर केलं, आधी १०, मग २५ पिक्सेल. बाभळीचं पान बारीक, त्यामुळे सावली चाळणीतून पडल्यासारखी येते. ती कपाळावर, एका गालावर आणि खांद्यावर टाकली.

पहिल्यांदा ती काजळी लागल्यासारखी दिसली, कारण फांदीचा लेअर शुद्ध काळा होता. त्वचेवरची सावली कधी काळी नसते, तिच्यात त्वचेचाच रंग असतो. गालाच्या मूळ सावलीतून रंग उचलून, तांबूस तपकिरी, तो या लेअरला दिला. अपारदर्शकता ३५. शिवाय ब्लर सगळीकडे सारखा ठेवला नाही. फांदी जवळ असते तिथे सावलीची कड जास्त रेखीव, लांब असते तिथे मऊ. कपाळावर कमी ब्लर, खांद्यावर जास्त. आता अक्का झाडाखाली बसल्या आहेत असं वाटतं. आठांतला सगळ्यात कमी दिखाऊ फोटो हाच आणि मला सगळ्यात आवडलेलाही हाच.

६ फेब्रुवारी

कडुनिंब आणि मोहोर, दोन्ही स्क्रीनमध्ये. त्या दोघींचे केस काळे. अडचण काही नाही.

१४ फेब्रुवारी

उजेडाची दिशा. काकूंच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, आणि महेश्वरच्या घाटाचा माझा फोटो मावळतीचा, पश्चिमेकडे तोंड करून काढलेला. समोर नदीवर सूर्य, उजव्या हाताला घाट. दोन्ही एकत्र ठेवले की चेहरा एकीकडून उजळ, नदी दुसरीकडून, आणि डोळ्याला ते लगेच खुपतं. रंग कितीही जुळवा.

सोपा उपाय म्हणजे एक फोटो आडवा उलटवणं. आधी चेहरा उलटवला. नथ डाव्या नाकपुडीतून उजव्या नाकपुडीत गेली आणि डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर आला. उजव्या खांद्यावरून पदर गुजराती पद्धतीत येतो. काकू निमाडातल्या मराठी घरातल्या, त्यांच्या मुलींनी दारातूनच ओळखलं असतं. शिवाय माणूस स्वतःला आरशात पाहतो आणि बाकीचे त्याला समोरून पाहतात, त्यामुळे भांग-तीळ उलटे झाले की घरच्यांना चेहरा अनोळखी वाटतो. चेहरा कधीच उलटवायचा नाही.

मग घाट उलटवला आणि काकूंना पाठवला. लगेच फोन: "अगं, हा घाट कुठला?" महेश्वर नर्मदेच्या उत्तर तीरावर, नदी पश्चिमेला वाहते. मावळता सूर्य समोर असेल तर घाट उजव्याच हाताला हवा. ज्यांनी तिथे बालपण काढलं त्यांना हे नकाशा न बघता कळतं. पक्षी, फांदी, फूल उलटवा, हरकत नाही. ओळखीची जागा उलटवू नका.

शेवटी उलटवणं सोडलं आणि घाट-सूर्य दोन्ही काढून टाकले. ठेवलं ते नुसतं पाणी, सकाळच्या बाजूच्या दुसऱ्या फोटोतलं, उजेड डावीकडून पडलेलं. पाण्याच्या चमकत्या रेघा काकूंच्या महेश्वरी साडीच्या काठाला समांतर बसवल्या. साडीनं आपली एक अडचण आणली. बारीक चौकडीवर इंद्रधनुषी लाटा उमटल्या होत्या. बारीक वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकांत अडकली की असं होतं. लेअरची प्रत, त्यावर ब्लर, मोड एलसीएच कलर, जो फक्त रंग बदलतो, मास्क फक्त साडीपुरता. यानं वीण शाबूत राहते आणि भलते रंग जातात. साडीचा खरा रंग काकूंना विचारून घेतला.

२२ फेब्रुवारी

पळस फुलला. राळामंडळाच्या वाटेवर एक झाड नीट मिळालं. दुपारच्या उन्हात कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, छान मध्यात होता, घरी येऊन पाहते तर पाकळ्या सपाट केशरी, शिरा नाहीत, मखमल नाही. लाल चॅनेल एकटा २५५ ला जाऊन आदळला होता. एकत्रित हिस्टोग्राम हे दाखवत नाही, तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावावा लागतो. रॉमध्येही लालातले बारकावे उरले नव्हते. उन्हं उतरल्यावर, सावलीतल्या फांदीवर, कमी एक्स्पोजरवर पुन्हा काढले. ते चांगले आले.

हाच रोग मावशींच्या कुंकवाला. मोठं, कोरडं, पिंजरीचं कुंकू लावतात त्या. पडद्यावर लाल टिकली चिकटवल्यासारखी दिसत होती. डार्कटेबलच्या कलर बॅलन्स आरजीबीमध्ये मास्क लावून तिथली रंगाची तीव्रता उतरवली, तेव्हा कुंकवाची भुकटी आणि कडेला सांडलेले कण दिसायला लागले. एवढ्या एका बदलानं तो फोटो जिवंत झाला.

मामींच्या बगळ्यांकडेही परत जावं लागलं. एकच मोठा बगळा हवा होता, पण लांबून काढलेला, कापल्यावर रुंदी १५०० पिक्सेलही नाही. ३६०० पर्यंत ताणला की पिसं मऊ, आणि शेजारी मामींच्या पापण्या रेखीव. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र चिकटवल्यासारखं दिसतं. शार्पन करून पाहिलं तर बगळ्याभोवती पांढरी कड आली. मोठा बगळा सोडला, दूर उडणारा थवा घेतला, मूळ आकारातच. शेवटी संपूर्ण चित्रावर एकसारखा बारीक दाणा टाकला, म्हणजे दोन्ही फोटोंचा पोत एक झाला. हा दाणा आता आठही फोटोंवर.

१ मार्च

पहिले प्रिंट. लॅबचं नाव लिहीत नाही. १२ बाय १८, मॅट कागद, १८० रुपये एक. आठही एकदम टाकले, आणि आठही काळवंडून आले. माईंच्या पारंब्या घोंगडीत बुडाल्या. १,४४० रुपये गेले.

कारणं तीन, वेगवेगळी करून पाहिली तेव्हा कळली. माझा मॉनिटर फार उजळ, रात्री अंधाऱ्या खोलीत काम, त्यामुळे गडद चित्रही पडद्यावर पुरेसं उजळ वाटतं. कागदाला स्वतःचा उजेड नाही. आता कोरा पांढरा कागद खिडकीच्या उजेडात मॉनिटरशेजारी धरते आणि पडद्यावरचं पांढरं त्या कागदाएवढंच दिसेल इतकी ब्राइटनेस उतरवते. दुसरं, फाइल अडोबी आरजीबी या रंगपद्धतीत गेल्या होत्या, लॅबचं मशीन त्या एसआरजीबी या दुसऱ्या पद्धतीतल्या समजून छापतं, म्हणून पळस विटला. तिसरं, मॅट कागदावर काळा खोल येत नाही, तो कोळशासारखा राखाडी येतो.

मला इथे इंदूरचीच एक गोष्ट आठवत राहिली. लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढायला आले आणि १८७४ साली इथेच कॅमेऱ्याकडे वळले. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा रंग फार लागायचा, आकाश कोरं पांढरं यायचं, म्हणून अनेक छायाचित्रकार ढगांची वेगळी निगेटिव्ह ठेवत आणि छापताना दोन्ही मिसळत. मिसळायची जागा कागद होती. पडद्यावर काम करताना कागद डोळ्यासमोर ठेवायचा, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

७ मार्च

चाचणी पट्ट्या. एकाच १२ बाय १८ च्या पानावर माईंच्या चेहऱ्याचा तोच तुकडा पाच वेगवेगळ्या उजेडात लावला, खाली आकडे लिहिले, आणि ते एकच पान छापलं. १८० रुपयांत उत्तर मिळतं. आठही प्रिंट एकदम टाकण्याआधी हे करा. पट्ट्या हॉलमध्ये नेऊन, जिथे लागणार त्याच भिंतीवर, दिवसा आणि ट्यूबलाइटमध्ये पाहिल्या. चौथी पट्टी निवडली. पडद्यावर ती फिकी वाटते, भिंतीवर बरोबर आहे.

लॅबला लेखी दिलं: एसआरजीबी, आपोआप करेक्शन नको. ते बंद केलं नाही तर मशीन घोंगडीचा काळा पाहून अख्खा फोटो उजळवतं. उद्या रंगपंचमी, राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, दुकानं बंद. त्यामुळे फाइल आजच देऊन टाकल्या.

११ मार्च

सिल्क कागदावर आले. पूर्ण चकचकीत नाही, मॅटसारखा मेलेलाही नाही. घोंगडी काळी, पारंब्या वेगळ्या दिसतात, अक्कांचं गोंदण आहे. नानींच्या कमळात, गुलावटच्या, गुलाबी जरा जांभळ्याकडे झुकला. तो एकच पुन्हा दिला.

१८ मार्च

फ्रेम ७५० रुपयांना एक, आठांचे ६,०००. उद्या पाडवा, म्हणून आज टांगले. आधी ठरवलेली भिंत दारासमोर होती, तिथे काचेत रस्ताच दिसे, गडद फोटोंत तर जास्तच. शेजारची भिंत घेतली, दाराला काटकोनात, आणि फ्रेम वरच्या बाजूनं दोन बोटं पुढे कलत्या ठेवल्या. चमक गेली.

माईंनी बराच वेळ पाहून लेकीसाठी पुण्याला पाठवायला ५ बाय ७ चा मागितला. तीच फाइल लहान केली तर पारंब्यांचा नुसता केसांसारखा गुंता झाला. लहान आकारासाठी वेगळी फाइल केली: निम्म्या पारंब्या मास्कनं झाकल्या, उरलेल्या थोड्या जाड, दाणा काढून टाकला, चेहरा चौकटीत जवळ आणला. बाकी सातांच्याही अशा लहान प्रती लागणार आहेत. अक्कांची सावली लहान आकारातही तशीच टिकते, तिला काही करावं लागलं नाही.